बांध कोणी घालायचा? खारेपाटातल्या भाताची गोष्ट

ज्यांना कानात ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळले तिथे थोडी सफाई केली आहे, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट नावड्यापासून सुरू करते, कारण मी इथलीच. दिवा-पनवेल मार्गावर 'नावडे रोड' नावाचं छोटं स्टेशन आहे. एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला कळंबोली, मधून वाहणारी कासाडी नदी आणि आता चारही बाजूंनी टॉवर. इथे नव्याने राहायला आलेल्या कुणाला विचारलं की पूर्वी इथे काय होतं, तर उत्तर येतं, "काही नव्हतं, नुसती दलदल."

हे वाक्य ऐकलं की माझी आजी चिडायची. त्या 'दलदली'त तिचं शेत होतं.

मी सध्या पीएचडी करतेय. विषयाचं नाव जरा जडच आहे: अन्नव्यवस्थेचा कारभार आणि हवामानामुळे धोक्यात आलेल्या उपजीविका. घरच्यांना सांगताना मी ते एका प्रश्नावर आणते. बांध कोणी घालायचा? हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावर निदान दीडशे वर्षं विचारला जातोय. आज तो विचारायची वेळ शहरावर आली आहे.

खारेपाट म्हणजे काय

पनवेल, उरण, पेण आणि अलिबाग या तालुक्यांच्या खाडीलगत एक सपाट पट्टा आहे. तो खारेपाट. इथली बरीचशी जमीन उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणजे मोकळी सोडली तर अमावस्या-पौर्णिमेला तिथे समुद्र येणारच. तरीही इथे पिढ्यानपिढ्या भात पिकला, आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, भाताचं कोठार म्हणायचे.

हे जमायचं कसं? खाडीच्या कडेने चिकणमातीचा लांबच लांब बांध घालायचा. लाटा लागतात त्या अंगाला दगड बसवायचे. या बांधात ठरावीक ठिकाणी दरवाजा ठेवायचा. त्याला उघाडी म्हणतात. उघाडीचं लाकडी दार वरून टांगलेलं असतं आणि ते फक्त बाहेरच्या दिशेने उघडतं. ओहोटीला आत साठलेलं पावसाचं पाणी दार ढकलून खाडीत निघून जातं. भरती आली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. वीज नाही, पंप नाही. चंद्र आणि पाऊस मिळून दार उघडतात आणि लावतात.

शेतीची रीतही वेगळी. बाकी कोकणात राब भाजायचा, रोपं तयार करायची, चिखलणी करायची, मग लावणी. खारात तसं चालत नाही. इथे आधी पावसाने जमिनीतला खार धुऊन न्यावा लागतो. मग बी भिजवून, मोड आणून, चिखलावर हाताने फेकायचं. याला रहू म्हणतात. वाणही खास होते. काळा रता, भुरा रता. जाड, लाल दाण्याचे, खारट पाणी सोसणारे. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, आता ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली येतं. या जुन्या वाणांवर शास्त्रज्ञांनी काम केलं आणि पुढे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' असे खार सहन करणारे वाण आले. हो, आपल्या पनवेलच्या नावाचा तांदूळ आहे! मला स्वतःला हे पीएचडीला नाव नोंदवल्यावर कळलं.

आणि नुसता भात नव्हता. उघाडीच्या तोंडाशी कोलंबी, बोईट. चिखलात निवट्या आणि चिंबोऱ्या. अलिबागच्या बाजूला घराजवळच्या तलावात जिताडा सोडायचे आणि पाहुणा आला की काढायचे. एकाच बांधामागे ताटातला भातही होता आणि कालवणही.

एकाचा हलगर्जीपणा, सगळ्यांचं नुकसान

आता मुद्द्यावर येते. नेहमीच्या शेतात तुम्ही तुमचा बांध नाही घातला तर नुकसान तुमचं. खारात तसं नाही. बाहेरचा बांध सगळ्यांचा मिळून एक. त्यात चिंबोरी बीळ करते. बिळातून पाणी झिरपतं, मग धार लागते, आणि एखाद्या उधाणाच्या रात्री तिथे खांड पडते. मग खांडीजवळ कुणाचं शेत आहे हे पाणी बघत नाही, आतली सगळी शेतं खारट होतात. आणि एकदा खार शिरला की तो एका पावसात धुऊन निघत नाही.

त्यामुळे इथे शेती करायची म्हणजे आधी एकमेकांशी नियम ठरवायचे. कुणी किती माती टाकायची, उघाडीवर कोण लक्ष ठेवणार, रात्री हाक आली तर कोणी धावायचं. अलिबाग-पेणच्या खारेपाटात एका बांधाआडच्या शेतकऱ्यांच्या या सामाईक व्यवस्थेला जोळ म्हणत. आजी सांगायची की उधाणाच्या रात्री बांधावर कंदील घेऊन फिरायची पाळी लागायची, आणि पाळी चुकवणाऱ्याचं नाव गावात वर्षभर निघायचं.

पण यावरून 'जुनं सगळं छान होतं' असं चित्र रंगवायचं नाही. या जमिनीच्या मालकीचा इतिहास चांगलाच कडू आहे.

खाडीतून जमीन काढणं भांडवलाचं काम. म्हणून सरकार, आधी मराठ्यांचं आणि मग इंग्रजांचं, खार बांधणाऱ्याला सवलतीने जमीन द्यायचं. सुरुवातीची काही वर्षं सारा माफ, मग हळूहळू वाढ. या भागात अशा खाडीतून काढलेल्या जमिनींना शिलोत्री म्हणत. बांध राखायची जबाबदारी खोताची किंवा शिलोत्रीदाराची, आणि कूळ त्याला खंडाशिवाय बांधासाठी म्हणून जादा भात द्यायचं. कागदावर सौदा सरळ आहे. तू धान्य दे, मी समुद्र अडवतो.

प्रत्यक्षात धान्य वसूल व्हायचं आणि बांधावर मात्र कुळांनाच राबवलं जायचं, तेही वेठीने. पीक बुडालं तरी खंड सुटत नसे.

सहा वर्षं न पिकवलेला भात

यातूनच महाराष्ट्राच्या इतिहासातली एक विलक्षण गोष्ट घडली, आणि शाळेच्या पुस्तकात आम्हाला ती धड कुणी शिकवली नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी शेतकऱ्यांची सभा झाली. नेते होते नारायण नागू पाटील. कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. चरी आणि आजूबाजूची मिळून २५ गावं संपावर गेली. हा संप १९३९ पर्यंत चालला.

विचार करा. आपण संप म्हटलं की एक दिवस, फार तर आठवडा धरतो. इथे भात हेच ज्यांचं अन्न, त्यांनी सहा हंगाम भात लावला नाही. रानातली लाकडं विकली, खाडीत मासे धरले, कुटुंबं तगवली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ते तेव्हा मंजूर झालं नाही, पण १९३९ च्या कूळ कायद्यात 'कूळ' या माणसाला पहिल्यांदा कायद्याचं संरक्षण मिळालं. पुढे १९४८ चा कुळवहिवाटीचा कायदा आला, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ या कृषिदिनापासून कसेल तो जमिनीचा मालक ठरला.

हा फार मोठा विजय होता. माझ्या आजीच्या घरात सातबारा आला तो या लढ्यामुळे. म्हणून पुढचं वाक्य मी जपून बोलते.

खोत गेला. जमीन कुळाची झाली. पण बांध कोणाचा झाला?

शेताचे तुकडे सातबाऱ्यावर नावानिशी वाटले गेले. बाहेरचा बांध मात्र एकट्या कुणाच्या नावावर चढण्यासारखा नव्हता. खोताला आता त्यात रस नव्हता, आणि नव्या मालकांकडे दगडमातीचा खर्च उचलायला पैसा नव्हता. सरकारला हे दिसत होतं. म्हणून १९४८ मध्येच मुंबई राज्याने खारजमिनींचा वेगळा कायदा केला आणि त्यासाठी मंडळ नेमलं. १९७९ मध्ये त्या जागी महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आला, आणि बांधबंदिस्ती पाटबंधारे खात्याच्या खारभूमी विभागाचं काम झालं.

ऐकायला बरं वाटतं. सरकार बांध घालणार, शेतकरी शेती करणार. पण खांड पडते एका रात्रीत आणि खात्याचं अंदाजपत्रक निघतं वर्षाने. चिंबोरीचं बीळ सकाळी दिसलं तर दोन पाट्या मातीत काम भागतं. ती माती टाकायची कोणी? गाव म्हणतं, बांध सरकारी. सरकार म्हणतं, योजना मंजूर नाही. तोवर दोन पाट्यांची खांड दोनशे फुटांची होते. जोळासारख्या व्यवस्था इथेच ढिल्या पडल्या. त्या मोडा असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं. फक्त त्यांच्यासाठी नव्या मांडणीत जागाच उरली नव्हती.

अलिबागच्या खारेपाटात गणेशपट्टी नावाचं गाव होतं. बांध फुटून उधाणाचं पाणी आत येत राहिलं, आणि शेवटी अख्ख्या गावाला उठून दुसरीकडे जावं लागलं. तेव्हा 'हवामान विस्थापित' हा शब्द आपल्याकडे रुळला नव्हता.

इकडे नावड्याला काय झालं

आमच्याकडे गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. शेती, मिठागरं, खाजणं, सगळंच. त्याच दशकात तळोज्याची एमआयडीसी उभी राहू लागली.

जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत. देशभर भूसंपादनाच्या चर्चेत या योजनेचा दाखला दिला जातो, आणि तो मान रास्त आहे.

पण त्या हिशोबात जमीन होती, भात आणि मासे नव्हते. शेताला भाव मिळाला. खाडीत पाग टाकून रोजचं कालवण मिळवणाऱ्याच्या नावावर सातबाराच नव्हता, त्याला कशाचा भाव मिळणार? पुढे कासाडीत कारखान्यांचं सांडपाणी येत राहिलं. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याच्या रस्त्यांवर निळी कुत्री फिरताना दिसली, ते फोटो तुम्ही पाहिले असतील, जगभर गेले होते. नदीच्या प्रदूषणाचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोचलं. फोटो कुत्र्यांचा गाजला. त्याच पाण्यात जाळं टाकणाऱ्यांबद्दल कितीसं वाचलंत?

आज नावड्यातल्या घरात जो तांदूळ शिजतो, त्याच्या पोत्यावर दुसऱ्याच राज्यातल्या गावाचं नाव असतं. त्यात वाईट काही नाही, शहरं अशीच जेवतात. पण आपलं पोट भरण्याचा निर्णय कुठे होतो आणि त्यात आपला आवाज किती, हे विचारायला हरकत नाही.

शहर म्हणजे मोठा खार

आता माझ्या संशोधनातला मला सगळ्यात चकित करणारा भाग.

सिडकोने नवी मुंबई वसवली ती बरीचशी याच खोलगट पट्ट्यात. मग भरतीचं पाणी अडवायचं कसं? त्यासाठी नेदरलँड्सच्या धर्तीवर धारण तलाव बांधले, ज्यांना आपण होल्डिंग पाँड म्हणतो. पावसाचं पाणी तलावात साठवायचं, ओहोटीला झडपेच्या दारातून खाडीत सोडायचं, भरतीला दार आपोआप बंद. ओळखीचं वाटतंय ना? ती उघाडीच आहे. फक्त लाकडाच्या जागी लोखंड आणि आजीच्या जागी महापालिका.

आणि दुखणंही तेच. भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की दार बंद राहतं आणि पाणी आत तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने हेच केलं. सखल वस्त्यांमधून पाणी निघायला वाटच नव्हती. आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी २० सेंटिमीटरने वाढली. २० सेंटिमीटर म्हणजे वीतभर. पण उघाडीचं दार पाण्याच्या पातळीतल्या फरकावर चालतं. बाहेरची पातळी वीतभर चढली की दार रोज तेवढा वेळ कमी उघडं राहतं. वाढत्या समुद्राने अख्खं शहर बुडवायची गरज नाही. दार थोडं उशिरा उघडलं तरी पुरे.

त्यात आणखी एक गुंता. बांध फुटून खारं पाणी शेतात राहिलं की तिथे खारफुटी उगवते. खारफुटी आपल्याला हवीच आहे. ती लाटा थोपवते, माशांची पिल्लं वाढवते. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तोडायला मनाई केली, आणि त्यामुळेच मुंबई-नवी मुंबईचा किनारा थोडाफार वाचला. पण पेण-अलिबागच्या शेतकऱ्याची अवस्था बघा. बांध सरकारने वेळेत दुरुस्त केला नाही, म्हणून शेतात खारफुटी आली. आता खारफुटी आली, म्हणून बांध दुरुस्त करता येत नाही. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन. नवी मुंबईच्या धारण तलावांतही हेच होतं. गाळ साचला, त्यात खारफुटी वाढली, आता गाळ काढायला परवानग्यांची वाट बघायची. शेतकरी आणि महापालिका एकाच खड्ड्यात अडकलेत, आणि दोघांना एकमेकांची खबर नाही.

दुसरीकडे काय करतात

गोव्यात अशाच जमिनींना खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. तिथे गावकरी संस्था, पोर्तुगीज काळातल्या कोमुनिदाद, बांध राखायच्या आणि मानशीवरच्या मासेमारीचा लिलाव करायच्या. म्हणजे मासळीच्या पैशातून बांध. कल्पना हुशार आहे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर तिथेही जमीन कुळांकडे गेली आणि बांधाची जबाबदारी कूळ संघटनांकडे. आज तक्रार अशी येते की मानशीचा ठेकेदार माशांसाठी जास्त खारं पाणी आत घेतो आणि भात मरतो. म्हणजे नुसती संस्था असून भागत नाही, तिच्यात भातवाल्याचं वजन किती हेही बघावं लागतं.

नेदरलँड्समध्ये तेराव्या शतकापासून पाणी मंडळं आहेत. त्यांच्या निवडणुका होतात, ती स्वतःचा कर घेतात, आणि बांध राखणं हेच त्यांचं काम. सिडकोने तिथून तलाव आणला, झडप आणली. मंडळ मात्र आणलं नाही.

माझ्या प्रबंधाचं म्हणणं साधारण इथे येऊन थांबतं. खारेपाटाने दीडशे वर्षांत मालक बदलले. खोत, कूळ, सिडको, बिल्डर. प्रत्येक वेळी जमिनीचा न्याय मागितला गेला आणि थोडा मिळालाही. पण बांध राखणारा हात कायद्यात कुठेच नावानिशी आला नाही. हात म्हणजे गावातला किंवा वॉर्डातला असा गट, ज्याच्याकडे बांधाची यादी आहे, थोडा का होईना स्वतःचा पैसा आहे, आणि बीळ दिसलं त्याच दिवशी माती टाकायचा अधिकार आहे. पुन्हा खोत नको, वेठ नको. पण वर्षभराने येणाऱ्या अंदाजपत्रकाच्या भरवशावरही राहता येणार नाही.

आजीला मी एकदा जमीन संपादनाचे नकाशे दाखवले होते. कुठली रेषा कुणाची, हद्द कुठे संपते, असं समजावत होते. तिने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, उधान काय सातबारा बघून येतंय का गं?"

ते वाक्य मी प्रबंधाच्या पहिल्या पानावर टाकलंय. मार्गदर्शकांनी अजून तरी खोडलेलं नाही.

जाता जाता एक काम सांगते. तुमच्या घरात खारेपाटातलं कुणी म्हातारं माणूस असेल तर फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि फक्त एवढंच विचारा, "उघाडी कुठे होती?" पुढचा तासभर तुम्हाला काही विचारावं लागणार नाही. आणि या पावसाळ्यात जोरदार पावसाचा इशारा आला की भरतीची वेळही बघून ठेवा. पूर्वी खारेपाटात ती प्रत्येकाला पाठ असायची.

पुढच्या एपिसोडमध्ये मिठागरांची गोष्ट घेऊन येते. तोपर्यंत ऐकत राहा, आणि वाचतही राहा.